खर्जाची तार आणि रेग्युलेटर

पियानोच्या खर्जाच्या तारा वळणं हे दोन माणसांचं काम आहे, आणि ती दोन माणसं नवरा-बायको असली तर काम चांगलं होतं. संसाराचं मात्र सांगता येत नाही.

पियानोच्या वरच्या, बारीक सुरांच्या तारा नुसत्या पोलादी असतात, त्या बाजारात मिळतात. खालच्या जाड आवाजाच्या तारांचं तसं नसतं. तिथे पोलादी तारेवर तांब्याची तार गुंडाळावी लागते, वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये नखसुद्धा शिरता कामा नये. त्यासाठी आमच्या कामाच्या खोलीत मधोमध एक लांबलचक यंत्र आहे. लाकडी बाक, त्याच्या दोन टोकांना दोन लोखंडी आकडे. आकड्यांत पोलादी तार ताणून अडकवायची. बाकाखाली एक बिडाचं चाक आहे. त्याचं हँडल फिरवलं की दोन्ही आकडे एकाच वेळी फिरतात आणि ताणलेली तार जागच्या जागी गरगरते. हँडल फिरवायचं काम ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. त्या गरगरणाऱ्या तारेवर तांब्याची तार सोडत सोडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायचं काम माझं. यंत्राच्या त्या बाजूला हे, ह्या बाजूला मी. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

सुरुवात अगदी हळू करावी लागते, कारण पहिले वेढे नीट बसले नाहीत तर पुढचे सगळे बोंबलतात. मग वेग वाढवत न्यायचा, मधली लांबी एका दमात काढायची, आणि शेवटची वीतभर पुन्हा हळू. कधी वाढवायचं आणि कधी आवरायचं हे मला सांगावं लागलं नाही. मी श्वास घेतला की ह्यांचा हात उचलायचा. एरवी ह्या माणसाला दहा हाका मारल्याशिवाय भाजी आणायचीसुद्धा आठवण होत नाही, पण त्या हँडलवर बसले की माझ्या मनातलं माझ्याआधी ह्यांना कळायचं.

आणि गेल्या हिवाळ्यात ह्यांचा उजवा खांदा आखडला. आधी दुखला, मग धरला, मग असा जाम झाला की शर्टाची बाही चढवतानाही मदत लागायची. डॉक्टरांनी व्यायाम दिले, शेक दिला, आणि धीर धरा म्हणाले. धीर ह्यांच्या खानदानात कुणाला नाही. डाव्या हाताने हँडल फिरवून पाहिलं, तर ठेका लंगडा पडला. शेजारचा बेकरीवाला चांगला दणकट गडी आहे, त्याला बसवून पाहिलं. त्याने इतक्या जोशात फिरवलं की जणू कणीकच तिंबतोय. तरी मी बोटं सांभाळून त्यातून दोन तारा काढल्या आणि कानसेनांकडे पाठवल्या.

हे कानसेन म्हणजे शहरातले सगळे पियानो सुरात लावणारे गृहस्थ. नाव आम्हीच ठेवलेलं. कुणी दारावर टकटक केली तरी हे आधी मान वाकडी करून ती कुठल्या सुरात आहे ते ऐकणार. आमच्या तारांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक तेच. त्यांनी त्या दोन्ही तारा परत आणून बाकावर ठेवल्या आणि म्हणाले, "वहिनी, हा हात ह्यांचा नाही."

मी म्हटलं, "बघून सांगताय की ऐकून?"

"बघायला कशाला हवं? आवाज बद्द येतोय. मध्येच तार सैल आहे."

ह्यांनी ते ऐकलं आणि हे दारापाशी स्टुलावर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते स्टूल हीच ह्यांची जागा झाली. सकाळी चहा घेऊन बसायचे ते रस्त्याकडे बघत बसायचे. रस्त्यावर बघण्यासारखं काय होतं? समोर सायकलचं दुकान आणि एक बंद गेट. मला धंद्याची काळजी नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त भीती मला त्या स्टुलाची वाटायची. माणूस एकदा असा बसायला शिकला की उठायचं विसरतो.

त्यातच कानसेन एक मोठं काम घेऊन आले. शहराच्या नाट्यगृहातल्या मोठ्या पियानोच्या खर्जाच्या सगळ्या तारा गंजल्या होत्या, सगळ्या बदलायच्या होत्या. त्यांनी सगळ्यात खालच्या सुराची तुटकी तार माझ्या हातात ठेवली. "रविवारी दुपारी येतो. ह्या मापाची एक तार नमुना म्हणून द्या. ती बसली तर सगळ्या तुमच्याकडून. नाही बसली तर मला तारा करणाऱ्या कारखान्याला कळवावं लागेल. माझाही इलाज नाही."

स्टुलावरून आवाज आला, "कळवून टाका. आम्ही बंद करतोय."

मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कानसेन गेल्यावर मी म्हटलं, "आम्ही म्हणजे कोण? मी काय यंत्राचा आकडा आहे का?"

"खांदा नाही तर काम नाही," हे म्हणाले. "रविवारनंतर यंत्र विकून टाकू. तुझी खोली मोकळी होईल."

मी तडक आत जाऊन लेकीला फोन लावला.

आमची लेक बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअर दुरुस्त करते. म्हणजे मोटर हा तिचा रोजचा विषय. रविवारी सकाळी ती पाठीवर भलीमोठी पिशवी लावून आली आणि आल्या आल्या बाकाखाली शिरली. चाक बघितलं, आकडे बघितले, आणि खालूनच म्हणाली, "बाबा, चाक एकदम झकास आहे. ह्यालाच पट्टा घालू आणि छोटी मोटर लावू. हँडल तेवढं काढायला लागेल."

"हँडल कशाला काढायचं? राहू दे की."

"फिरत्या हँडलने कुणाचं तरी मनगट मोडेल, बाबा."

हे मग उठले, कपाटातून पाना काढला आणि डाव्या हाताने तिच्या पुढे धरला. काढलेलं हँडल ह्यांनी स्वतः फडक्यात गुंडाळून ठेवलं. मला भरून आलं, पण दाखवण्यासारखी वेळ नव्हती.

मोटर म्हणजे मुठीत मावेल एवढीशी. तिच्या दांड्यावर बारकी पुली. तिथून पट्टा मोठ्या चाकावर. लहान पुली खूप फिरते तेव्हा मोठं चाक थोडं फिरतं, आणि तेवढा जोर वाढतो, असं लेकीने सांगितलं. तिला फक्त मोटर चालते की नाही एवढंच आधी बघायचं होतं. तिने मोटरच्या दोन तारा सरळ सप्लायच्या, म्हणजे वीज देणाऱ्या, डब्याला जोडल्या. पण मला धीर कुठला! मी तोवर पोलादी तार आकड्यांत ताणून, तांब्याची तार बोटांत धरून तयार उभी.

"आई, अगं थांब—"

"लाव गं. वेळ कुठे आहे?"

तिने बटण दाबलं. मोटर एका झटक्यात पूर्ण वेगात गेली. तांब्याची तार माझ्या बोटांतून सणकन निसटली, पोलादी तार तुटली आणि तिचं टोक भिंतीवर असं फटकन बसलं की गिलाव्यावर लांबलचक ओरखडा उठला. मी खाली बसले म्हणून वाचले. चामड्याची टोपी बोटाला होती म्हणून बोटही वाचलं.

स्टुलावरून आवाज आला, "झालं समाधान?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ह्यांच्या आवाजात जरा जान आली होती. त्यामुळे मी तेही पोटात घातलं.

"मोटरला आवरायला कुणीतरी हवं," लेक शांतपणे म्हणाली आणि पिशवीतून दुसरी वस्तू काढली. साबणाच्या वडीएवढी पाटी, तिच्यावर एक काळा नॉब आणि एका कडेला चार पेच. "हा स्पीड कंट्रोलर. ह्याच्याशिवाय मी कुठलीच खुर्ची सोडत नाही, नाही तर बसणारा माणूस थेट भिंतीत जाईल."

"म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर," हे म्हणाले.

"तसंच समजा."

त्या क्षणापासून त्याचं नाव आमच्या घरात रेग्युलेटरच पडलं. जोडायचं काम तिने मला दिलं. म्हणाली, "मी रोज नसणार, तुला यायलाच पाहिजे." आधी सप्लाय बंद करायला लावला, प्लग काढून माझ्या खिशात ठेवायला लावला. दोन पेच सप्लायच्या तारांसाठी. तिथे अधिकाला अधिक आणि उण्याला उणे, चुकलं तर रेग्युलेटर जळतो. उरलेले दोन पेच मोटरसाठी. तिथे अदलाबदल झाली तर काही जळत नाही, मोटर फक्त उलटी फिरते. मी चष्मा लावला, तारांची टोकं सोलली, पिळली, पेचात घातली आणि स्क्रू ड्रायव्हरने आवळली. तांब्याची तार बोटांना नवी नव्हती. लेकीने प्रत्येक तार ओढून बघितली, एकही सुटली नाही.

"आता सांगा," ती म्हणाली, "तार फिरायला हवी कुठल्या बाजूला? पुढे की मागे?"

मी म्हटलं, "पुढे."

हे म्हणाले, "मागे."

"पुढे काय मागे काय! एवढी वर्षं तार मी सोडतेय."

"आणि फिरवत कोण होतं? मागेच फिरते."

"अहो, तार माझ्या बोटांतून पुढे जाते!"

"अगं, मी डोळे मिटून फिरवत नव्हतो!"

लेकीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. मग हँडलवाल्या माणसाचं बरोबर असणार असा हिशेब करून, माझ्या बाजूला उभी राहून, तिने तार मागे फिरेल अशा बेताने मोटरच्या तारा जोडायला लावल्या. नॉब अगदी थोडा फिरवला. चाक हळूहळू फिरायला लागलं. मी तांब्याची तार टेकवली, आणि ती वरून जायच्या ऐवजी माझ्याच बोटांवर चढून आली. वेढा बसायच्या ऐवजी गोळा झाला.

"उलटं! उलटं फिरतंय!" हे स्टुलावरून उठून ओरडले.

"तुम्हीच मागे म्हणालात ना?"

"हे मागे आहे का? हे तर पुढे चाललंय!"

लेक जमिनीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. आम्हाला दोघांनाही तिचा राग आला. तिने प्लग काढला, आकड्याला कागदाची पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही चाक नेहमी फिरवायचा तसं जरा फिरवून दाखवा." ह्यांनी डाव्या हाताने चाकाची कड धरून फिरवलं. मी माझ्या जागी उभी होते. पट्टी वर आली आणि माझ्यापासून पुढे गेली. "बघ!" मी म्हटलं. लेकीने माझा हात धरून मला यंत्राच्या पलीकडे, ह्यांच्या शेजारी नेऊन उभं केलं. ह्यांनी पुन्हा तसंच फिरवलं. पट्टी वर आली आणि ह्यांच्या अंगावर, मागे आली.

मी पहिल्यांदाच त्या बाजूला उभी राहिले होते. यंत्राला वळसा घालून कधी यायचं कारणच पडलं नव्हतं.

"दोघंही बरोबर," लेक म्हणाली.

"तरी मी सांगत होतो," हे म्हणाले.

"मी पण तेच सांगत होते," मी म्हणाले, आणि मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करून टाकली.

आता दिशा बरोबर आली, वेगही हातात आला. लेकीने नॉब माझ्या बाजूला, बाकाच्या डाव्या टोकाला बसवला होता. तिचा बेत साधा होता. बाबांना आराम, आई एकटी तार वळेल. सुरुवात सुंदर झाली. वेढे मोत्यासारखे बसले. पण तार वळताना मला सरकत जावं लागतं. वेग वाढवायची वेळ आली तेव्हा मी नॉबपासून लांब पोचले होते, आणि दोन्ही हात तारेत. हात काढला तर ओढ सुटते, ओढ सुटली की वेढे सैल. मी तशीच हळू वळत गेले, तर बोटं कंटाळून डगमगली. खर्जाची तार एका दमात गेली नाही तर ती लगेच चुगली करते. मी नखाने ठोकून पाहिली. बद्द.

"पायाने दाबायचं पेडल लावू?" लेक म्हणाली.

"पेडल एका जागी राहणार आणि मी चालणार. पाय इथे ठेवून पुढे जाऊ का?"

"मग नॉब लांब वायरवर घेऊन तुझ्या कमरेला बांधू."

"आणि फिरवू कशाने? दातांनी?"

शेवटी ती स्वतः नॉबवर बसली. बिचारीने जीव ओतून केलं. मी "वाढव" म्हटलं की वाढवायची, "हळू" म्हटलं की कमी करायची. पण मी "हळू" म्हणायच्या आधी हळू व्हायला हवं असतं. शब्द तोंडातून निघून तिच्या कानात जाऊन बोटांत उतरेपर्यंत शेवटची वीत निघून गेली आणि टोकाशी वेढ्यावर वेढा चढला. तीही तार फुकट गेली. त्या जाडीची पोलादी तार आता एकाच तारेपुरती उरली होती, आणि दुपार होत आली होती. मी बाकावर हात टेकून उभी राहिले. मला रडू येत होतं आणि त्याचाच मला संताप येत होता.

"ऊठ तिथून," मागून आवाज आला.

हे दारापाशी उभे होते, डाव्या हातात स्टूल. ते स्टूल त्यांनी यंत्राच्या पलीकडे, आपल्या जुन्या जागी नेऊन ठेवलं आणि लेकीला म्हणाले, "तो रेग्युलेटर इकडे घे. गुडघ्यापाशी बसव. हात उचलावा लागता कामा नये."

लेक नॉबपासून उठली. मग तिने झपाझप प्लग काढला, पेच सैल केले, लांब तारा घातल्या आणि बाकाच्या पायाला फळी ठोकून त्यावर रेग्युलेटर बसवला. हे स्टुलावर बसले. उजवं कोपर मांडीवर टेकलं, खांदा होता तिथेच राहिला, आणि अंगठा आणि तर्जनी तेवढी नॉबवर आली.

"तार नको लावूस अजून," मला म्हणाले, आणि डोळे मिटले.

थोडासा नॉब फिरवला. मोटर नुसतीच गुणगुणली, फिरली नाही. आणखी थोडा फिरवला, तेव्हा हलली. हलल्यावर लगेच मागे घेतला, तरी ती फिरतच राहिली, आधीपेक्षा हळू. पुन्हा बंद केली. पुन्हा तेच.

"हिला उठवायला जास्त लागतं," हे म्हणाले. "उठली की कमी पुरतं. पण एवढी हळू फिरूनही हिचा दम कसा सुटत नाही?"

लेक उकिडवी बसली. "कारण हा वीज बारीक करून देत नाही, बाबा. पूर्ण देतो आणि पूर्ण तोडतो, डोळा लवायच्या आत कितीतरी वेळा. चालूचा वेळ जास्त ठेवला की जोरात, कमी ठेवला की हळू. पण प्रत्येक धक्का पूर्ण जोराचा असतो."

"हात्तिच्या! मग हे मला आधी नाही का सांगायचंस? जाड तार असली की मीही हँडल असंच मारायचो. धक्का द्यायचा, सोडायचं. धक्का द्यायचा, सोडायचं."

मग ह्यांनी नॉब सावकाश वाढवत नेला. मोटरचा आवाज बारीक होत वर चढला. परत आणला, तसा तो खाली उतरला. ह्यांची मान त्या आवाजाबरोबर किंचित हलत होती. आपल्याला वेग डोळ्यांनी बघायची गरज नाही, कानाने धरता येतो, हे त्यांना कळलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दोनचार वेळा वर-खाली केलं आणि डोळे उघडून म्हणाले, "लाव."

मी शेवटची पोलादी तार ताणून अडकवली. तांब्याचं टोक दाबून पहिले वेढे हाताने घातले. हे माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी श्वास घेतला.

तार फिरायला लागली. इतकी हळू की एकेक वेढा आपल्या शेजाऱ्याला चिकटताना दिसत होता. मला वाटलं, आता जरा वाढायला हवं. वाटेपर्यंत वेग वाढला होता. मी सरकायला लागले. मोटरचा आवाज चढला, तांबं माझ्या बोटांतून गरम होत धावायला लागलं, आणि माझ्या पायांनी आपोआप जुना वेग धरला. लेक भिंतीला टेकून तोंडावर हात ठेवून उभी होती. किती महिन्यांनी मला असं वाटत होतं की पलीकडे कुणीतरी आहे! बोटं ओढ विसरली नव्हती, हेही विसरले नव्हते. शेवटची वीत आली तेव्हा मी मनात "आता" म्हणायच्या आधी आवाज उतरला, वेढे पुन्हा एकेक करून बसायला लागले, आणि खुणेपाशी तार थांबली. अगदी खुणेपाशी.

मी टोक कापून दाबलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नख फिरवलं. कुठेही अडलं नाही.

"जमलं," मी म्हटलं.

"तुझी बोटं मध्ये एकदा अडखळली," हे म्हणाले.

त्या क्षणी मला ह्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं आणि डोक्यात पक्कड घालावीशीही वाटली. लेक होती म्हणून दोन्ही राहिलं.

कानसेन आले ते बाहेर पायरीवरच उभे राहिले, आत यंत्राकडे आलेच नाहीत. तार हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले, "चला, लावूनच बघू." लेक उत्साहाने मोटरचं सांगायला निघाली होती, पण ह्यांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. चालत जाताना मी हळूच कारण विचारलं.

"आधी ऐकू दे त्याला," हे म्हणाले. "सांगितलं की कान बिघडतो."

नाट्यगृह रिकामं होतं. रंगमंचावर एकच दिवा आणि झाकण उघडलेला पियानो. कानसेनांनी आमची तार एका टोकाला अडकवली, दुसरं टोक खुंटीला गुंडाळलं आणि किल्लीने ताणायला सुरुवात केली. नवी तार ताणताना तुटू शकते. प्रत्येक वळणाला माझा जीव खालीवर होत होता. हे रंगमंचाच्या कडेला उभे होते, उजवा हात नेहमीसारखा पोटाशी धरून. तार थोडी उतरली, कानसेनांनी पुन्हा चढवली. पुन्हा उतरली, पुन्हा चढवली. मग ते बाकावर बसले.

आधी शेजारचा जुना सूर वाजवला. कोरडा, गंजका आवाज आला आणि लगेच विझला. मग त्यांनी आमचा सूर दाबला.

काय सांगू! आवाज आधी पायाखालच्या फळ्यांतून आला आणि मग कानात. भरलेला, गोल, कुठेही खरखर नाही. कानसेनांनी बोट उचललं नाही. तो सूर रिकाम्या खुर्च्यांवरून पार मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि घुमत राहिला. त्यांनी मान वाकडी करून तो संपेपर्यंत ऐकला. पुन्हा वाजवला, जोरात. पुन्हा वाजवला, अगदी हलके.

मग कानसेन उठले, तरातरा ह्यांच्यापाशी आले आणि त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

"अहो, खांदा सुटला तुमचा!" ते म्हणाले. "आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

"खांदा तसाच आहे," हे म्हणाले.

"काय सांगता? मग हा हात कुणाचा?"

"हात माझाच."

आता मात्र लेकीला राहवेना. तिने मोटर, पट्टा, रेग्युलेटर, पुढे-मागे, सगळं एका दमात सांगून टाकलं. कानसेन तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. मधूनच ह्यांच्या दोन बोटांकडे बघायचे, मधूनच पियानोकडे. शेवटी मान हलवून म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही बुवा. बाकीच्या तारा कधी देता, एवढं सांगा."

"उद्यापासून बसतो," हे म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हा माणूस कामावर बसण्याची भाषा विसरूनच गेला होता. पण म्हणून मी ते तसंच ऐकून घेणार होते की काय?

"उद्या कशाला?" मी नाक ओढत म्हटलं. "अजून उजेड आहे. जाता जाता पोलादी तार घेऊ, आणि आजच बसू. चला."

आणि हे माझ्या पुढे चालायला लागले.